फ्रेममधली नोट

इथे आखातात, लुसैलच्या बँकेतल्या त्या मॅनेजर सामंताने काय अकलेचे तारे तोडले, ऐका. बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात राहणाऱ्या आमच्या सलीम वेल्डरचं खातं उघडायला मी सोबत गेलो होतो. साहेब आधी भिंतीवरची फ्रेमच दाखवत बसला.

"ही जुनी नोट बघा. परदेशात पोट भरायला गेलेल्या माणसाने तिथे स्वतःची बँक काढली, स्वतःच्या नोटा छापल्या! ही त्याची सही. बोटीतून उतरला तेव्हा खिशात दमडी नव्हती!" नुसता ऊर भरून आला होता त्याचा.

मग सलीमचे कागद चाळले. "पगार कमी आहे. खातं नाही उघडता येणार."

मी म्हटलं, "साहेब, हा सहीवाला आज बोटीतून उतरून इथे आला, तर त्याचं उघडाल?"

जरा विचार करून म्हणाला, "सॅलरी सर्टिफिकेट बघावं लागेल."