पाक सेमानचा दिवा

— अरे अरे, दाबू नकोस तसं, काटे हातात घुसले की नावं दुरियानला ठेवशील. ठेव खाली, मी निवडून देते. बस त्या फळीवर. क्वालालंपूरहून आलास ना? बुटांवरून कळतं. आणि गाडीत मागे ते खोके कसले रे, टीव्ही? असू दे, मला काय करायचंय. हे घे, हे खा. काय? कालचं? बाबा रे, ह्या मक सेनाहच्या दुकानात शिळं काही मिळत नाही. दुरियान तोडायचं नसतं, पिकलं की ते आपणहून पडतं, आणि हे आज पहाटे पडलंय, धप्पकन, माझ्या कोंबड्या अजून भेदरलेल्या आहेत बघ. झाड माझं नाही. हसतोस काय? झाड शेजारच्या पाक सेमानचं, पण निम्म्या फांद्या माझ्या अंगणावर, आणि आमच्या गावची रीत आहे — फळ ज्याच्या जमिनीवर पडेल त्याचं. आता झाडानं कुठे कलावं हे काय मी ठरवते? ते माझ्याकडे कलतं. नवरा गेल्यापासून जरा जास्तच कलतं.

गोड आहे ना? मागून जराशी कडवट चव? मग बरोबर. यंदा एवढं फळ का लागलं माहीत आहे? कुणालाही विचार, सगळं गाव सांगेल — पाक सेमानच्या दिव्यामुळे. साफ खोटं! थांब, सांगते, तू काय परका माणूस, खाशील नि निघून जाशील, तुला सांगितलं काय आणि ह्या फळीला सांगितलं काय. ह्या पाक सेमानला एके दिवशी सकाळी झाडाखाली फुलांचा हा एवढा सडा दिसला. आदल्या संध्याकाळी झाडावर वटवाघळं दिसली होती. झालं! वटवाघळांनी फुलं तोडली म्हणे. अरे, दुरियानचं फूल ऊन उतरल्यावर उमलतं, रात्रभर पाहुण्यांचं खाणंपिणं करतं, आणि सकाळी पाकळ्या-केसर सगळं खाली टाकून मोकळं होतं, जेवणं उरकल्यावर केळीची पानं फेकावीत तसं. मी ती गोळा करून मिरची घालून परतते, झकास लागतात. पण सेमानला कोण सांगणार? मशिदीत सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, ही वटवाघळं चोर आहेत, माझ्या झाडाला एक शिवलं तर नाव बदलीन. आणि त्याचा तो मुलगा! लहानपणीच शिकायला शहरात गेला, आता तिथे इंजिनियर का कोण आहे — बापाला भेटायला यायला फुरसत नाही, पण दिवा मात्र पाठवला, हा एवढा, फुटबॉलच्या मैदानावर असतो तसला. बापानं आंबा मागितला तर हा कारखाना पाठवेल. तुला ठसका लागला का? पाणी घे. सालीतच ओत, सालीतून प्यायलं की वास राहत नाही.

तर दिवा लागला. माझ्या घरात असा उजेड, की कोंबडा कधी आरवावं ते विसरला. वटवाघळं डोंगरातल्या गुहांमधून यायची, लांबूनच गिरकी घ्यायची आणि परत. आणि त्या वर्षी फळं कुठे लागली सांग? फक्त माझ्याकडच्या एका फांदीला, जी खोडाच्या आड होती, अंधारात. उजेडातल्या फांद्या अशा रिकाम्या, की बघवेना. आता हे बघून शेंबडं पोरही समजेल की नाही? पण सेमान काय म्हणाला? म्हणाला, मक सेनाह, तू तुझ्या फांदीला चोरून खत घालतेस! फांदीला! खत! मग आणखी एक दिवा लावला, माझ्या बाजूनं. दुसऱ्या वर्षी एकही फळ नाही. एकही नाही रे.

हसू नकोस, ह्यात हसण्यासारखं नाही. लाकडाच्या गिरणीचा माणूस आला, खोडाला मिठी मारून जाडी बघून गेला. सेमान मला म्हणाला, पुढच्या हंगामात फळलं नाही तर फळ्या. मी त्या दिवशी जेवले नाही. हे दुकान म्हणजे काय, हे झाड. वर खारी राहतात, पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या राहतात, माकडं कच्ची फळं नासवतात, पडलेलं एखादं फळ रानडुक्कर नेतं, रात्री जवादी मांजर उरलंसुरलं चाटून जातं — आणि त्या सगळ्यांच्या पंगतीत शेवटच्या पानावर मी. झाड गेलं असतं तर खारी दुसरं झाड बघतील, मी ह्या वयात कुठे बघू?

मग काय — ह्या वर्षी फुलं आली आणि दिवे बिघडले. म्हणजे रोज संध्याकाळी बिघडायचे. गंमत बघ, सेमान दिवे लावून दिवेलागणीच्या, मगरिबच्या नमाजला गेला की इकडे अंधार, आणि रात्रीची इशाची नमाज उरकून तो परतायच्या आत लख्ख उजेड! मधल्या वेळात वटवाघळं यायची, फुलात तोंड घालायची, परागानं पिवळी धम्मक होऊन पुढच्या फुलावर — कशी छान दिसायची, मी तार हातात धरून बघत — म्हणजे मी कुठली तार, मी आपली खिडकीतून बघायची. तार खारी कुरतडत असतील. हो, रोज कुरतडायच्या आणि रोज जोडायच्या, शहाण्या खारी आहेत आमच्याकडच्या. हसतोस काय दात काढून? बरं, मीच. कुंपणापाशी वायरचा जोड होता, तो सुटा करायची. एकदा त्या तांबड्या मुंग्या बाहीत शिरल्या, कोपरापर्यंत सोलून काढलं मला, आणि ओरडायची सोय नाही!

दुसऱ्या दिवशी सेमाननं हात बघितला. मी म्हटलं, तेल उडालं. तो म्हणाला, तेल बरं ओळीनं उडालं. आणि संध्याकाळी मलम घेऊन आला. मग म्हणाला, खारींचा बंदोबस्त करायचाय, तुझं मांजर दे. मांजर नेलं. मग मांजर काय खातं ते विचारायला आला. मग मांजर रुसलंय म्हणून सांगायला आला. मग ते कोणत्या कुशीवर झोपतं ते विचारायला आला. इतका भोळा माणूस, की दया येते. मांजर परत आलं तेव्हा त्याला चालवेना, एवढं चारलं होतं. नाही, माणूस वाईट नाही रे. टोपी नीट घातली तर दिसतोही बरा — हे तू ऐकलं नाहीस. दुसरं फळ घेतोस? निवड, आता तूच निव...

थांब.

पुन्हा कर ते. फळ उलटं धरून बुडाचा वास घेतलास? सगळं जग देठाशी वास घेतं, बाबा. ह्या अख्ख्या मुलखात एकच माणूस बुडाशी नाक लावतो, आणि तीसेक वर्षं मी त्याला हसतेय. तू कुणाचा? — या अल्लाह. इंजिनियर. मग आधी नाही का बोलायचं, लेका! काय? मी बोलू दिलं नाही? ते खरं आहे. पण हे बघ, खारींचं मी जे बोलले ते... काय? त्याला माहीत आहे? कसं माहीत असेल, तो तर मशिदीत... पायरीवरून? मशिदीच्या पायरीवरून झाड दिसतं? रोज दोन्ही नमाजांच्या मध्ये तिथे बसायचा, आणि दिवा गेला की... हसायचा? सेमान हसायचा? अरे मग स्वतःच दिवे का नाही विझवले... हां. हां, सगळ्या गावासमोर बोलून बसला होता, नाव बदलावं लागलं असतं. म्हणजे दिवे लावायचा तो, शब्द राहिला त्याचा, फळं लागली त्याच्या झाडाला, आणि मुंग्या मला! मला म्हातारीला त्यानं कामाला जुंपलं! आणि गिरणीवाल्याला? — मुंग्या चावल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी नाही म्हणून सांगितलं? मलम आणायला बाजारात गेला तेव्हाच?

आणि ते मांजर...

ते खोके? नळीचे दिवे? माझ्या दुकानाला? कुणी सांगितलं तुला — नको, बोलू नकोस. ऊठ. पैसे ठेव खिशात. दिवे लाव नाहीतर गाडीत ठेव, मला काही विचारू नकोस, आणि त्याला जाऊन सांग की मक सेनाह म्हणाली — नाही, काही म्हणाली नाही. जा म्हणते ना. अरे, ते तू निवडलेलं फळ ने त्याच्यासाठी. बुडाशी मस्त वास येतोय त्याचा.