रावांनी ऐकलेला पक्षी

…नाही नाही, बसा की हो, तुमचा नंबर सतरा, आत्ता कुठे अकरावा आत गेलाय — आणि अकरावे म्हणजे आमचेच राव. कानाची तपासणी न् मशीन बसवणं चाललंय, लवकर बाहेर येणारे नव्हेत. तुम्ही फोनवर मराठी बोललात म्हणून तर मी सरकून बसले. पुण्याच्या? वाटलंच. आमचं तंजावूरचं मराठी ऐकून हसू येतं ना? हसा. तीनशे वर्षं सांबारात भिजलंय, जरा आंबट होणारच.

हां, तर मुन्नारची सहल. पक्षी बघायची — चार दिवस, आठ माणसं, वाट दाखवायला गणेशकुमार. पीडब्ल्यूडीत छत्तीस वर्षं पूल मोजले, आता राव पक्षी मोजणार! मी कशाला गेले? अय्यो, मला कावळा न् कोंबडी सोडून तिसरा ओळखू येत नाही — पण हे एकटे गेले तर स्वेटर कोण घालायला लावणार? पहिल्या दिवशी एरविकुलमला डोंगरबकऱ्या दिसल्या, अगदी रस्त्याकडेला, आमच्याकडे बघत उभ्या — जशा काय त्याच सहलीला आल्यात. ते बरं गेलं. पण पक्षी म्हणजे, बाई, आधी ऐकायचा असतो. गणेशकुमार बोट वर करायचा, "श्श, ऐका" — सगळे डोळे मिटून ऐकणार, आणि राव मान डोलावणार, मीटिंगमध्ये डोलवायचे तशी. मला वाटलं, रस घेतायत!

संध्याकाळी लॉजवर कापी, म्हणजे तुमची कॉफी, पिता पिता ज्याने त्याने आपली यादी वाचायची. दोन रकाने — पाहिला, ऐकला. "शीळकरी कस्तूर कुणी ऐकला?" सगळे गप्प. राव म्हणाले, "मी. पुलाजवळ." गणेशकुमार हळूच म्हणाला, "सर, पुलाजवळ मी सांगितलं की आज तो गप्प आहे." मग काय, हशा! आणि आधी कोण हसलं? मीच. वर म्हटलं, "आमच्या रावांना न गाणाऱ्याचंही गाणं ऐकू येतं." राव हसले नाहीत. कप ठेवला, उठून गेले. त्यांची यादी तिथेच राहिली. बघते तर तेवीस पक्षी, आणि 'ऐकला'च्या रकान्यात तेवीस खुणा, एकसारख्या. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. दोन वर्षं मी काहीही विचारलं की "हूं". आमची लक्ष्मीप्रिया चेन्नैहून फोन करायची, तर हे लगेच "आईशी बोल" म्हणून फोन माझ्या हातात द्यायचे — आणि मी म्हणायचे, लेकीची माया नाही या माणसाला. तोंडावर म्हणायचे हो. बरं झालं, ऐकू गेलं नाही… नाही, बरं काय झालं त्यात? मेलं ते.

दुसऱ्या दिवशी पांपाडुमच्या शोलात जायचं — दाट, ओलं रान — तर हे उठेचनात. "तू जा, मला सर्दी." मी समोर बसले, ओठ दिसतील अशी, आणि म्हटलं, "ऐकणं माझं, बघणं तुमचं. उठा." मग म्हणाले, "मोजे दे."

रानात वर कुठेतरी एक पक्षी खदखदा हसत होता, सगळ्यांच्या दुर्बिणी आभाळाला. मीही रावांना वर बोट दाखवतेय — पण हे खाली वाकलेले, झुडपात बघतायत. बुंध्यापाशी एवढासा, काळा न् नारंगी, अगदी गप्प बसलेला. गणेशकुमार दोन दिवस तोच शोधत होता! राव माझ्या कानाशी आले — "वरलक्ष्मी, हा बोलतोय का गं?" पहिल्यांदा विचारलं बघा, दोन वर्षांत. मी मान हलवली, नाही. "मग ठीक," म्हणाले. आणि परतीच्या गाडीत आपणहून — "तंजावूरला गेलो की कान दाखवू."

काय डोळ्यांत? काही नाही हो, इथला पंखा… अय्या, दार उघडलं! आलेच, आणि मशीन लावूनच आले की. बास, बास, बाई — आता एक अक्षर बोलू नका. सगळं ऐकू येतंय त्यांना.