मुकी मोटर आणि माझा शर्ट

...अहो म्हणून तर डोकं फिरतंय माझं! आवाज नाही त्याला यंत्र म्हणायचं कसं? कागदाच्या कारखान्यात उभा जन्म गेला हो माझा. शाळेत मास्तरांनी कान पिळला तेवढंच शिक्षण, पण त्याच कानावर घर चाललं! गिअरबॉक्सला दांडा लावायचा, दांड्याला कान, की झालं. करकर आली, तेल घाल. खडखड आली, आतल्या चाकाचा दात गेला. मालकसुद्धा बाजूला उभा राहून हळूच विचारायचा, "काय म्हणतोय?" डॉक्टर होतो मी, डॉक्टर!

आणि एक दिवस तो गिअरबॉक्स उचलून टाकला की अंगणात! नवी मोटर आली. पसरट, जाडजूड, बैलगाडीच्या चाकाएवढी. तिच्यासोबत एक चष्मेवाला इंजिनियर. मला म्हणतो कसा, "हे बघा काकाऽ, जुनी मोटर पळायची भरभर, कागद दाबणारा रोल फिरायला हवा हळू, म्हणून मध्ये गिअरबॉक्स. ही मोटर स्वतःच हळू फिरते, आणि जोर दांडगा. सरळ रोलच्या दांड्यावरच बसते. मधलं सगळं गेलं! तेल नको, दात नको, आवाज नको!"

मी म्हटलं, "आणि मी?"

तर तो चष्मा पुसायला लागला... मालक म्हणाला, "बघू महिनाभर, मग तुमचं ठरवू." ठरवू म्हणजे काय, कळत नाही का मला?

आणि मधलं काढून चालतं का हो कुठं? आई होती तोवर मी ओसरीवरून बोंबलायचो, "मीठ मेलंय काय घरातलं?" आई आत जाऊन म्हणायची, "सूनबाई, चिमूटभर मीठ दे गं." हा गिअरबॉक्स! आई गेली, सगळं डायरेक्ट झालं, आणि पहिल्याच दिवशी मिठाची बरणी माझ्या पायाशी फुटली. असो.

तर तुम्हाला सांगतो, त्या दिवशी उकाडा असा की जीव नकोसा. नव्या मोटरपाशी गेलो. दांडा लावला, कान लावला... काही नाही! रोल असा गुळगुळीत की फिरतोय का थांबलाय दिसेना. म्हटलं, बंद असणार. आवाज नाही त्याला यंत्र म्हणायचं कसं? काढला शर्ट, टाकला रोलवर, गेलो पाणी प्यायला. मेव्हण्याच्या लग्नातला शर्ट हो!

परत येतो तर शर्ट गायब! पलीकडून कागद येतोय, आणि कागदावर माझा शर्ट... कडक इस्त्री होऊन! बटणांचा पार भुगा!

मालक धावत आला. मी भोकं पडलेल्या बनियनवर उभा.

"डोळे फुटले काय? चालू होती ती!"

"मग बोलायचं ना तिने! आवाज नाही त्याला..."

सगळे हसायला लागले, तो चष्मेवाला तर पोट धरून. पण मालक हसेना. शर्टाची ती चपटी बाही हातात घेऊन बघत राहिला. म्हणाला, "ह्यात कुणाचा हात असता तर?"

हसणारे सगळे आपापले हात बघायला लागले.

चष्मेवाला म्हणतो, "भोंगा बसवू की, साहेब."

मालक म्हणाला, "भोंग्याला कोण भितंय इथं? ह्यांच्या तोंडाला सगळे भितात." आणि माझ्याकडे वळून, "उद्यापासून तुम्ही इथंच. मोटर फिरायच्या आधी ओरडायचं, फिरतेय तोवर ओरडत राहायचं."

राहिली नोकरी! पण कसली हो? गिअरबॉक्स अंगणात गंजतोय, आणि त्याचा आवाज मी काढतोय! "ए बाजूला होऽऽ, चालू आहे!" सकाळपासून संध्याकाळपर्यंत. घसा असा बसतो की घरी गेल्यावर शब्द फुटत नाही. जेवण अळणी असलं तरी गपचूप गिळतो.

परवा बायको भाजी वाढता वाढता थांबली. माझ्याकडे निरखून बघितलं, बोटाने खांद्याला हळूच ढोसलं, आणि म्हणते कशी...

"अहो, चालू आहात की बंद?"