अर्ध्या दाढीवरून उठणारा माणूस

...आणि तो माणूस, तोंडाला फेस, एक गाल गुळगुळीत, दुसरा तसाच, आरशातून मलाच म्हणतो, "साखर आहे तुम्हाला!" विचारलं होतं का मी? नाही! तुम्हाला सांगतो, तेवीस वर्षं सलून चालवतोय, पण तासाला दोनदा दुकानामागे लघवीला पळायला काय लागलो, डोकं असलेला प्रत्येक जण... म्हणजे केस असलेला, डोक्याची खात्री नाही... डॉक्टर झाला!

एक रिटायर्ड मास्तर येतात, टाळूवर मोजून अकरा केस, तरी दर आठवड्याला कापून हवेत, ते म्हणाले, "पन्नाशी उलटली ना? प्रोस्टेट! ग्रंथी फुगते, धार बारीक होते. होते का बारीक?" अहो, बाकावर चार गिऱ्हाइकं बसलीयत आणि हे माझी धार काढतायत! विम्याचा एजंट म्हणे, "जळजळ? मग इन्फेक्शन." मेहुणा म्हणे, "टेन्शन, भावजी, टेन्शन!" विचारलं होतं का मी? टेन्शन आहेच रे, तू दोन महिन्यांसाठी राहायला आलास त्याला वर्ष झालं!

वरवर हसत होतो, पण खरं सांगू? आतून पाणी पाणी झालं होतं. माझे वडील साखरेनंच गेले, आणि आधी असेच सारखे उठायचे. शेवटी ठेवली कात्री, घेतलं बायकोला, गाठला दवाखाना. रक्त दिलं, लघवी दिली... एवढा रोजचा सराव, पण ती बाटली हातात आल्यावर थेंब येईल तर शपथ!... सोनोग्राफी झाली. साखर नाही, ग्रंथी ठीक, इन्फेक्शन नाही. डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "दिवसाला चहा किती?"

"जास्त नाही हो, गिऱ्हाइकासोबत एकेक."

"आणि गिऱ्हाइकं?"

"...सतरा. रविवारी पंचवीस."

"तरी मी वर्षभर ओरडतेय!" बायको म्हणाली. विचारलं होतं का मी? नव्हतं... तिलाच तेवढं विचारायला हवं होतं.

सोडला चहा. पंधरा दिवसांत सगळं शांत. साखर नाही म्हणून आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण मास्तरांनी कालपासून त्यांच्या मुतखड्याची गोष्ट सुरू केलीय, अगदी पहिल्या कळेपासून... आणि आता मला उठून जायला काही कारणच उरलेलं नाही!