थोरल्याचे दोन इंच, धाकट्याचे अडीच

मी खाली सही करणारा, वय ५१ वर्षे, धंदा चारचाकी गाड्यांची दुरुस्ती, शिक्षण नववी, राहणार पाण्याच्या टाकीसमोर, गॅरेजच्या वरची खोली, समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. खाली माझे स्वतःचे गॅरेज असून ते मी बावीस वर्षे चालवतो. मला सगळे मिस्त्री म्हणतात. आज दुपारी दोन वाजता पोलीस ठाण्यातून फोन आला की, एक वृद्ध महिला बेपत्ता असून ती शेवटची माझ्या गाडीत बसताना दिसली आहे, तरी ताबडतोब यावे. मी हातातले काम टाकून अर्ध्या तासात आलो. हात धुवायला वेळ मिळाला नाही, त्यामुळे कागदाच्या कडेला काळे डाग पडले आहेत. त्यांचा वेगळा अर्थ काढू नये.

सदर महिलेला मी काकू म्हणतो. वय ७४, टपाल खात्यातून निवृत्त, पती हयात नाहीत. त्या माझ्या गॅरेजपासून दहा मिनिटांच्या अंतरावर स्वतःच्या घरात तळमजल्यावर राहतात. वरच्या मजल्यावर डावीकडे त्यांचा थोरला मुलगा, उजवीकडे धाकटा. थोरला फरशांचा व्यापार करतो, धाकटा नळ आणि बेसिन विकतो. पूर्वी दुकान एकच होते. तीन वर्षांपूर्वी त्यात मधोमध भिंत घातली. भिंत का घातली हे दोघांनीही मला सांगितले आहे, पण दोन्ही कारणे एकमेकांशी जुळत नाहीत. काकूंचे जेवण एक आठवडा थोरल्याकडे आणि एक आठवडा धाकट्याकडे असते. अदलाबदल सोमवारी होते.

दोघांकडे एकेक पिकअप गाडी आहे. कंपनी एक, रंग एक, दोन्ही एकाच महिन्यात घेतलेल्या. दोन्हींचे काम माझ्याकडेच असते.

साधारण दोन महिन्यांपूर्वी सकाळी दहाच्या सुमारास थोरले शेठ गॅरेजवर आले. म्हणाले, "मिस्त्री, माझी गाडी मान खाली घालून उभी राहते. धाकट्याची बघ, कशी ताठ असते." मी सांगितले, दोन्ही गाड्या सारख्याच आहेत. त्यांना ते पटले नाही. मी पुढे सांगितले, "मोठे शेठ, पिकअप पुढून थोडी खाली असते ती कंपनीनेच मुद्दाम ठेवलेली असते. मागे फरशा भरल्या की पाठ बसते आणि गाडी आपोआप सरळ होते." त्यावर ते म्हणाले, "लोक काय भरलेली असतानाच बघतात का?"

त्यांनी सोबत एक खोका आणला होता. त्यात लेव्हलिंग किट होते. म्हणजे पुढच्या दोन्ही शॉकअपच्या डोक्यावर बसवायच्या धातूच्या जाड चकत्या. हे किट गाडीला पुढून दोन इंच उचलते. मी समजावले की, रिकामी गाडी सरळ दिसेल, पण माल भरला की नाक वर जाईल. त्यांनी ऐकले नाही. मी किट बसवले.

बसवणे म्हणजे नेमके काय केले, असे विचारल्यावरून सांगतो. गाडी सपाट जागी लावली, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, पुढून जॅकने उचलून स्टँडवर घेतली. चाके काढली. ब्रेकची नळी ताणली जाऊ नये म्हणून तिची पट्टी सोडवली. वरचे तीन नट व खालचा बोल्ट काढून शॉकअप बाहेर घेतला, वर चकती बसवली आणि परत जागेवर घातला. दुसऱ्या बाजूला तसेच. चाके जमिनीवर टेकल्यावर नट पुन्हा कसले. नंतर चाकांचे अलाइनमेंट आणि दिव्यांचा फोकस करून घ्या, असे सांगितले. अलाइनमेंट त्यांनी केले. फोकस केला नाही. जबाब लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारले की, शॉकअपला शुद्ध मराठीत काय म्हणतात. मी म्हटले, शॉकअप.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता धाकटे शेठ आले. त्यांच्या हातात मोजपट्टी होती. त्यांनी "दादाची किती केलीस?" एवढेच विचारले. मी दोन इंच सांगितले. ते म्हणाले, "माझी अडीच कर." मी समजावले. त्यांनी ऐकले नाही. मी बसवले.

आठ दिवसांनी थोरले शेठ तीन इंचांचे किट घेऊन आले. मी सांगितले, "एवढं उचललं तर पुढचे सांधे तिरके राहतात आणि लवकर झिजतात. गाडी बिघडेल." ते म्हणाले, "बिघडली तर तू आहेसच की." मी बसवले. त्यानंतर धाकट्यांनी तीन इंच आणि वर मोठे टायर घातले. त्यानंतर थोरल्यांनी मोठे टायर घातले आणि धाकट्यांपेक्षा आपले जास्त भरतात की नाही, हे मला फूटपट्टी लावून दाखवायला सांगितले. मी दाखवले. पाव इंच जास्त भरले. त्या दिवशी त्यांनी गॅरेजमधल्या सगळ्यांना चहा पाजला.

दिव्यांचा फोकस दोघांनीही शेवटपर्यंत केला नाही. त्यामुळे एकाने गाडी लावली की उजेड दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जातो, अशी तक्रार दोघांनी माझ्याकडे स्वतंत्रपणे केली आहे. दोघांना मी फोकस खाली करून देतो म्हणालो. दोघेही म्हणाले, "आधी त्याचा कर."

या काळात काकूंचा कोणी विचार केला का, असे विचारले असता सांगतो की, मी केला नाही. मी गाडीची उंची चाकापासून मोजत होतो. माणूस चढतो तिथे मोजपट्टी लावली नाही.

काकूंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू असून शस्त्रक्रियेची तारीख गेल्या महिन्यात सहा तारखेला सकाळी आठची होती. त्या दिवशी दोघांच्या घरासमोर काय झाले ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे, कारण धाकट्यांच्या गाडीचा पुढून खडखड आवाज येत होता म्हणून मी तिथे गेलो होतो. काकू हातात पिशवी घेऊन फाटकात उभ्या होत्या. दोन्ही गाड्या सुरू होत्या. दोघेही "आई, इकडे ये" म्हणत होते. काकू आधी जवळच्या गाडीकडे गेल्या. ती थोरल्याची होती. त्यांनी दांडीला धरून पाय उचलला, तो पायरीपर्यंत पोहोचला नाही. त्यांच्या गुडघ्याला दुखणे आहे. धाकटे म्हणाले, "बघ, तुझ्या गाडीत आईला चढताही येत नाही." मग काकू धाकट्यांच्या गाडीकडे गेल्या. तिथेही पाय पोहोचला नाही. थोरल्यांनी घरातून स्टूल आणले. धाकटे म्हणाले, "ते स्टूल माझ्या वाटणीचं आहे." त्यावरून सुमारे वीस मिनिटे बोलणे झाले. बोलणे मोठ्याने झाले. काकू मधेच घरात गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली. आठ वाजून गेले. तारीख हुकली.

मी आवाज कशाचा येतो ते बघून परत आलो. सांध्याचाच होता.

काल दिनांक १३, सोमवार, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी काकू एकट्या चालत माझ्या गॅरेजवर आल्या. दहा मिनिटांची वाट त्यांना चाळीस मिनिटे लागली, असे त्या म्हणाल्या. हातात तीच पिशवी होती. मी शटर उघडत होतो. आमचे बोलणे पुढीलप्रमाणे झाले.

"मिस्त्री, तुझी ती जुनी गाडी चालते का अजून?"

"चालते, काकू. पण मागून पार बसलीय. आवाजही करते."

"बसलीय तीच बरी. मला नऊला दवाखान्यात पोहोचव. नवी तारीख घेतलीय मी."

"शेठना फोन करू का?"

"कुठल्या?"

मी फोन केला नाही. माझी गाडी वीस वर्षे जुनी आहे, तिची मागची स्प्रिंग मी अद्याप बदललेली नाही, कारण गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून वेळ मिळत नाही. तिच्यात बसायला चढावे लागत नाही, उतरावे लागते. काकू आधाराशिवाय बसल्या. त्यांना मी जबरदस्ती केली नाही, फूस लावली नाही, काही खायला दिले नाही. शस्त्रक्रियेपूर्वी काय खाल्ले, असे दवाखान्यात विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, रविवारी संध्याकाळी एकीकडचा आठवडा संपला होता आणि सोमवारी सकाळी दुसरीकडचा सुरू व्हायचा होता, त्यामुळे तसेही काही नव्हते.

दवाखान्याच्या फॉर्मवर सोबतच्या माणसाचे नाते लिहायचा रकाना होता. खिडकीतल्या बाईंनी "तुम्ही यांचे कोण?" असे विचारले. मी मिस्त्री म्हणालो. त्या म्हणाल्या, "तसं नातं नसतं." काकू म्हणाल्या, "मुलगा लिहा हो. दोन आहेतच, तिसऱ्याने काय बिघडतं." बाईंनी मुलगा लिहिले. मी त्याखाली सही केली. हे खोटे आहे हे मला सही करताना माहीत होते. माझी आई नऊ वर्षांपूर्वी वारली. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

शस्त्रक्रिया साडेअकरा वाजता व्यवस्थित पार पडली. मी बाहेर बाकावर बसून होतो. दुपारी तीन वाजता काकूंना सोडले. त्यांनी मला घरी न नेता टपाल खात्यातल्या एका जुन्या मैत्रिणीकडे नेण्यास सांगितले. मी नेले. उतरताना त्या म्हणाल्या, "मी कुठे आहे ते कोणाला सांगू नकोस. विचारलंच तर बरी आहे म्हणून सांग." मी संध्याकाळी सात वाजेपर्यंत फोन जवळ ठेवून वाट पाहिली. कोणी विचारले नाही.

दोन्ही शेठांनी दिलेल्या तक्रारीत 'आज सकाळपासून बेपत्ता' असे लिहिले आहे, ते बरोबर नाही. काकू घरातून काल सकाळी सात वाजता निघाल्या. थोरल्यांना वाटले आठवडा धाकट्यांचा सुरू झाला. धाकट्यांना वाटले, दादाने नेहमीप्रमाणे एक दिवस उशिरा सोडले असेल. आज दुपारी बारा वाजता जिन्यात दोघांची गाठ पडली, आणि काकू जेवायला कोणाकडेच नाहीत हे तेव्हा समजले. म्हणजे एकोणतीस तास झाले होते. जबाब लिहून घेणाऱ्या बाईंनी हा आकडा दोनदा मोजून लिहिला आहे.

मैत्रिणीचा पत्ता विचारल्यावर मी सांगत नाही असे सांगितले. ठाण्यातले साहेब म्हणाले, अडचणीत याल. मी म्हटले, येतो. मग मी माझ्याच फोनवरून मैत्रिणीच्या घरी फोन लावला आणि तो सर्वांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. त्या वेळी तक्रारदार दोघेही बाकाच्या दोन टोकांना बसले होते. काकू फोनवर आल्या. साहेबांनी विचारले, तुम्ही स्वखुशीने गेलात का? त्या "हो" म्हणाल्या. थोरले उठून म्हणाले, "आई, मी लगेच न्यायला येतो." धाकटे म्हणाले, "मी निघालोच." काकू म्हणाल्या, "मला चढता येत नाही रे तुमच्या गाड्यांत." थोरले परत बाकावर बसले. मग त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी आठ दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि डोक्याला त्रास करून घ्यायचा नाही असं सांगितलंय. पहिल्या दोन गोष्टी घरी जमल्या असत्या." नंतर त्यांनी फोन ठेवला. साहेब खिडकीबाहेर बघत होते. थोरल्यांनी रुमाल काढला. धाकट्यांकडे रुमाल नव्हता. थोरल्यांनी वापरून झाल्यावर तो बाकावर मधे ठेवला. धाकट्यांनी तो घेतला की नाही ते मी पाहिले नाही, कारण मी मान खाली घातली होती.

तक्रारदारांनी तक्रार मागे घेतली आहे.

त्यानंतर मी पाणी प्यायला बाहेर आलो असता थोरले शेठ माझ्या मागे आले. म्हणाले, "मिस्त्री, आठ दिवसांच्या आत माझी गाडी मूळ उंचीवर आण." मी हो म्हटले. चकत्या काढून टाकणे एका दिवसाचे काम आहे. ते आत गेल्यावर धाकटे शेठ आले. त्यांनाही तेच पाहिजे होते. त्यांनाही मी हो म्हटले. ते दोन पावले गेले, परत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मूळ उंचीपेक्षा इंचभर खाली करता येईल का रे? म्हणजे आई माझ्याच गाडीत बसेल." दारात उभ्या असलेल्या थोरल्यांनी ते ऐकले. तिथूनच म्हणाले, "इंचभर होत असेल तर माझी दोन कर."

मी दोघांनाही नाही म्हटले. या गाड्यांच्या बाबतीत मी नाही म्हटल्याची ही पहिलीच वेळ. म्हणायला जेमतेम एक सेकंद लागला.

वरील सर्व मजकूर लिहून घेणाऱ्या बाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो आहे. दोन ठिकाणी सवयीने 'आरोपी' असा शब्द पडला होता, तो खोडून 'मिस्त्री' केला असून खोडलेल्या दोन्ही जागी माझी सही घेतली आहे.

समक्ष,
सही (मिस्त्री)