फाटका आवाज

(घोटी. बाजारपेठेतलं लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान, मागच्या बाजूला घर. भर दुपार.)

हर्षाली : काका, हे काय करून ठेवलंत तुम्ही?

सहादू : दुरुस्त केलं. परत वाजवून बघ की गिटार. घंटेगत सूर निघतोय.

हर्षाली : तेच म्हणतेय मी! घंटा मागितली होती का कोणी? मी काय सांगून गेले होते? बॉक्समधनं गुणगुण येते, तेवढी काढा. बस. एवढंच.

सहादू : गुणगुण काढलीच. वायर सैल व्हती. पण आत बघतो तर स्पीकरचा कागद ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत फाटलेला. नवा बसवला, छदाम वाढवला नाय. वर तूच वरडतेस?

हर्षाली : अहो, फाटलेला होता म्हणून तर नेला होता!

सहादू : फाटका म्हणून नेला? डोकं ठिकाणावर हाय का?

हर्षाली : एकदम ठिकाणावर आहे. नाशिकला गंगापूर रोडवर माझ्या खोलीत या, सात पेडल पडलेत.

सहादू : सायकलचे?

हर्षाली : गिटारचे. डब्या असतात छोट्या, पायानं दाबायच्या. गिटार आणि आवाज वाढवणाऱ्या अँपच्या मध्ये जोडल्या की आवाज जाड होतो, खरखरीत होतो. दोन वर्षं मी त्या उलट्यासुलट्या जोडून बघितल्या. मुंबईहून अँप आणला, विकला, दुसरा आणला. सगळ्यातनं निघायचा तो मच्छर. मला हवा होता रोडरोलर! आणि तो सापडला तुमच्या माळ्यावर. हा बॉक्स आणि हे जुनं व्हॉल्व्हचं मशीन, म्हणजे तुमचा अँपच. तुम्ही नव्हता त्या दिवशी, काकूंनी दिलं.

सहादू : ते कळलं मला, मागाहून. आणि तू वाजवतेस तरी काय त्याच्यावर?

हर्षाली : डूम मेटल. म्हणजे संथ, जड, खालच्या सुरातलं. एक सूर धरला की सोडायचा नाही, जमीन हलेपर्यंत.

सहादू : लग्नात?

हर्षाली : लग्नात कोण उभं करतंय आम्हाला! अल्बम करतोय. सहा गाणी. चार रेकॉर्ड झाली, ह्याच आवाजात. दोन राहिलीत, सोमवारी स्टुडिओ आहे. आता मी काय करू? चार गाण्यांत रोडरोलर आणि दोन गाण्यांत तुमची घंटा? ते काही नाही, जुना कागद द्या. तोच परत चिकटवा.

सहादू : बरं बाई, घे तुझा कागद. अगं ए! त्या स्पीकरचा कागद कुठं ठेवलास?

तानुबाई : कुठला? तो काळा, फाटका? घातला की बंबात सकाळी.

हर्षाली : बंबात?

तानुबाई : आंघोळीचं पानी तापवायला, बाई. लय झकास पेटला. एकवीस वर्षं माळ्यावर उरावर घेऊन बसले व्हते हे. म्हनलं सुटले एकदाची.

हर्षाली : दोन वर्षं शोधला मी तो आवाज! दोन वर्षं! आणि तुम्ही त्याच्यावर आंघोळ केलीत, काका?

सहादू : हे बघ पोरी, आवाज खाली. आता माझं ऐक. चाळीस वर्षं ह्या स्टुलावर बसतोय मी. जो येतो तो एकच रडगाणं घेऊन येतो, सहादू, आवाज फाटतोय. मंडपवाला तेच, शाळेचा मास्तर तेच, भजनी मंडळ तेच. फाटलेलं नीट करायचं, हीच माझी भाकरी. आणि तू दारात येऊन सांगतेस, मला फाटकाच पायजे. थट्टा लावलीस का म्हाताऱ्याची?

हर्षाली : थट्टा कशाला करू? जगात कुठं मिळाला नाही तो आवाज तुमच्याकडे मिळाला, ही थट्टा?

सहादू : बॉक्सच्या पाठीवर माझं नाव रंगवलंय. चार माणसांत वाजंल. कोणी म्हणंल, सहादूला साधा कागद लावता येत नाय. एकदा ऐकून घेतलंय ते. पुरं झालं.

हर्षाली : एकदा म्हणजे कधी?

सहादू : सोड.

तानुबाई : सोड काय? मी सांगते. आमच्या तृप्तीच्या लग्नात फाटला तो. हितंच मागल्या अंगनात मांडव. पोरगी सासरी निघाली, सनईची कॅसेट लावलेली, नि फर्रकन गेला आवाज. सनई कसली, नुसती घरघर. तर व्याही भर मांडवात काय बोलला ठाव हाय? पोरीचा बाप फाटका नि त्याची सनई बी फाटकी! समदा मांडव हसला.

हर्षाली : काय माणूस आहे! लग्नात असं बोलतात? आणि काका, तुम्ही गप्प बसलात?

तानुबाई : गप्प? मान वर केली नाय ह्यांनी. पोरगी गाडीत बसेस्तोवर मागं वळून वळून बघतीय. मी रडतीय, मावश्या रडतायत, नि बाप कुठं? तर मशीनपाशी, बटनं पिळत! एकुलती एक पोर. तिच्या पाठीवर हात ठेवायला आला नाय हा माणूस. मी इसरले नाय, नि ती बी नाय.

सहादू : गिऱ्हाइकापुढं काय लावलंयस हे?

तानुबाई : गिऱ्हाइकापुढंच बरं. माझ्यापुढं कुठं तोंड उघडता तुमी?

हर्षाली : काकू, एक मिनिट. काका, नवा कागद मी ब्लेडनं कापला तर?

सहादू : हात लावू नकोस! ब्लेडचा काप सरळ जातो. पतंगागत फडफडंल नुसता. तू म्हणतेस तो जड सूर पायजे तर कागद ताणून ताणून, आपल्या आपण फाटावा लागतो.

हर्षाली : म्हणजे मशीन फुल्ल करून?

सहादू : फुल्लच्या पलीकडं. ही बटनापाशी पांढरी खूण बघ. माझ्या बापानं ओढलेली. हिच्या पुढं बटन न्यायचं नाय, मेलं तरी नाय. कधी नेलं नाय मी.

हर्षाली : एकदा नेलंत.

सहादू : काय?

हर्षाली : लग्नात. आत्ता तुम्हीच म्हणालात ना, खुणेच्या पुढं गेल्याशिवाय असा फाटत नाही. एवढी काळजी घेणारा माणूस, आणि सनईला फुल्लच्या पलीकडं?

तानुबाई : त्ये लाइट वरखाली झाली म्हनून. ह्यांनीच सांगितलं मला.

सहादू : लाइट चांगली व्हती.

तानुबाई : आँ?

सहादू : चांगली व्हती लाइट! घरात शंभर बाया, मांडवात व्याह्याची माणसं, रस्त्यावर वाजंत्री. हुंदका आला तर बापानं जायचं कुठं? पोरीनं ऐकला असता तर गाडीत चढली नसती ती. मशीन व्हतं समोर. पिळलं. जसा त्याचा आवाज वाढत गेला, तसा रडलो मी. कोणाला ऐकू आलं? तुला आलं?

तानुबाई : नाय.

सहादू : मग! त्याचं काम त्यानं केलं. फाटला तर फाटला.

तानुबाई : आन् मला एवढी वर्षं बोलू दिलंत? दर दिवाळीला बोलले मी तुमाला. दगड म्हनले. जीभ झडली व्हती का तुमची? ती पोर आजून म्हनती, बाबांना यंत्र जवळचं, मी नाय.

सहादू : काय सांगायचं तिला?

तानुबाई : हेच! आत्ता बोललात तेच! नाशिकच्या परक्या पोरीपुढं बोललात, आपल्या पोरीला नाय! थांबा, लावते फोन. आज सोडत नाय मी तुमाला.

सहादू : अगं, दुपारची झोपली असंल ती! गेली बघ आत. ऐकायची नाय आता.

हर्षाली : काका, सॉरी. मला नव्हतं माहीत. मी निघते. सोमवारचं बघीन काहीतरी.

सहादू : निघते काय? इतका वेळ भांडलीस ती कशापायी? घे गिटार. सगळ्यात खालची तार धर नि सोडू नको. नवा कागद हाय, लवकर फाटायचा नाय.

हर्षाली : नक्की?

सहादू : नक्की.

हर्षाली : मग बटण तुम्ही फिरवा.

सहादू : माझा हात खुणेपाशी अडतो. तूच पीळ.

हर्षाली : आणि तोच आवाज येईल?

सहादू : तोच कसा येईल, पोरी? तो माझा व्हता. त्याच्यात चार गाणी केलीस, लय झाली. राहिलेली दोन तुझ्या आवाजात कर.