काकांच्या कॅमेऱ्यातला रोल

तुम्हाला सांगते, आमच्या सांगलीच्या घरात देवाबद्दल शंका काढलेली चालते, पण काकांच्या जुन्या रोलवाल्या कॅमेऱ्याबद्दल नाही. परवा मी नवा डिजिटल कॅमेरा आणला, तर काका म्हणाले, "पोरी, नुसतं खेळणं हाय ह्ये. आता बघ!" आणि त्यांनी स्वतःचा कॅमेरा कट्ट्यावरून थेट अंगणात टाकला. उचलून बटण दाबलं, तर खटक! चालू. बाबा खूश.

"आता तुझा टाक," काका म्हणाले.

"टाक की गं, बघू तरी टिकतोय का," बाबांनाही चेव आला.

मी म्हटलं, "काका, आधी तुमच्या कॅमेऱ्यातला एखादा फोटो दाखवा."

"दावतो की. रोल संपू दे."

"घातला कधी?"

"आक्कीच्या लग्नात."

आक्की म्हणजे माझी आत्या. ती तिथंच शेंगा सोलत बसली होती. तिचा मुलगा आता बँकेत नोकरीला आहे.

"दादा," ती म्हणाली, "माझं फोटो धुवायला दिल्यात म्हणून सांगत होतास न्हवं?"

काका कॅमेऱ्यावरची माती पुसायला लागले.

"मी टाकणार नाही," मी म्हटलं. "माझा कॅमेरा फोटो काढायला आणलाय. आपटायला तुमचा आहेच."

काकांनी बाबांकडे बघितलं, बाबांनी जमिनीकडे.